सूतभर जागा

काच तडकली त्या रात्री कुणाला आवाज आला नाही. आषाढातला वारा होता. सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. तो रात्रभर पत्र्याशी झोंबत असला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं काचेचं कुठून येणार? सकाळी अण्णा विहिरीवरची मोटर चालू करायला गेले आणि तसेच परत आले. "गाडीची काच गेली," एवढंच म्हणाले.

गाडी म्हणजे बस. पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्यापासून थोडं आत, अण्णांच्या म्हणजे माझ्या चुलत्यांच्या मळ्यात ती उभी आहे. चाकं नाहीत, इंजिन नाही, चासी कधीच भंगारात गेली. राहिला तो सांगाडा, दगडी खांबांवर बसवलेला. अण्णांनी तो भंगारवाल्याकडून घेतला तेव्हा मी शाळेत होतो. विहिरीवर खोली बांधायची तर विटा, वाळू, सिमेंट, गवंडी, वर पत्रे. त्यापेक्षा तयार बस स्वस्त, असा त्यांचा हिशेब. शेतीची वीज रात्रपाळीला आली की अण्णा गाडीत झोपतात. कांद्याच्या गोण्या, फवारणीचा पंप, जुन्या वह्या, एक प्रभाकर कंदील, सगळं तिथंच. आमच्या घरात "गाडीत जाऊन ये" म्हटलं तर कुणी प्रवासाला निघत नाही.

डाव्या अंगाची तिसरी खिडकी. खालच्या कडेपासून निघून वरच्या कोपऱ्याकडे गेलेली एक लांब तड. आजूबाजूला दगड नाही, ढेकूळ नाही, पक्षी आपटल्याची खूण नाही. माझा संशय अर्थातच वाडीतल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांवर गेला. अण्णा म्हणाले, "पोरं रात्री खेळत नाहीत." मग आम्ही नगरहून चाचांना बोलावलं.

चाचांनी उभा जन्म बस-ट्रकच्या बॉड्या बांधण्यात घातला. आता हात थोडे थरथरतात, म्हणून मोठं काम घेत नाहीत. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, काचेजवळ तोंड नेलं आणि बोट न लावता तड वाचायला सुरुवात केली. वाचणं हाच शब्द बरोबर आहे. "दगड लागला असता तर चांदणी पडली असती," ते म्हणाले. "मार जिथं बसतो तिथं बारीक चुरा होतो, तिथून चहूकडं रेघा पळतात. इथं चांदणी दाखवा मला." चांदणी नव्हती. तड खालच्या कडेपासून काटकोनात निघाली होती, बोटभर सरळ वर गेली होती आणि मग वाकत वाकत पुढे. बाहेरून मार नाही आणि तड कडेलाच उभी राहिली आहे, याचा अर्थ काचेच्या काठावर कशाचा तरी दाब आला आणि सोसेना झाला तेव्हा ती सुटली. म्हणजे काच कुणी फोडली नव्हती, ती दाबून मारली होती.

ते काम कुणी केलं हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. त्याआधी या गाडीविषयी, आणि नगरच्या रस्त्यावर धावलेल्या गाड्यांविषयी, थोडं सांगायला हवं.

पत्रा खरवडला की या गाडीचा जन्म दिसतो. वरचा हिरवा थर अण्णांचा, ट्रॅक्टरला आणलेल्या रंगातून उरलेला. त्याखाली लाल. एसटीचा लाल, मराठी माणसाला तो ओळखायला पाटी लागत नाही. पण एसटी जन्माला आली तेव्हा लाल नव्हती. १ जून १९४८ रोजी नगर आणि पुणे यांच्यामध्ये राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. निळ्या अंगाची आणि चंदेरी टपाची बेडफर्ड गाडी, लाकडी बॉडी, काथ्याच्या गाद्या, तीस माणसांची जागा. ती आमच्या मळ्याच्या बाजूच्या याच रस्त्यानं गेली.

लाकडी बॉडीतली खिडकी हे सुताराचं काम. चौकटीला खाच, खाचेत काच, वरून लाकडी पट्टी आणि चुका. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, खिडकी अडकायची. उन्हाळ्यात आटायचं, खिडकी खुळखुळायची. पण ती फुटली तर वाटेवरच्या कुठल्याही गावातला सुतार ती बसवू शकत असे, कारण घरातल्या कपाटाची काच आणि बसची काच यांत त्याच्या दृष्टीनं फारसा फरक नव्हता. पुढे माणसं वाढली, आसनं तीसवरून पंचेचाळीसवर गेली, बॉड्या पोलादी झाल्या. पोलाद मजबूत खरं, पण कोकणच्या हवेत ते गंजू लागलं. म्हणून १९६० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या बॉड्या आल्या आणि त्याच काळात रंगही बदलून लाल झाला. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत तेव्हापासून किती खिडक्या बसवल्या गेल्या असतील याचा विचार करायला मला आवडतं. पन्नासच्या दशकात पुणे-महाबळेश्वर मार्गावर 'नीलकमल' आणि 'गिरीआरोहिणी' नावाच्या दोन आरामगाड्या होत्या. त्यांना पडदे होते, घड्याळ होतं आणि काचा हिरवट रंगाच्या होत्या. घाट चढताना त्या काचेतून बाहेरचं रान दुप्पट हिरवं दिसत असणार.

पण एसटीची खिडकी म्हटलं की आमच्या पिढीला काच नाही, आवाज आठवतो. गाडी उभी असताना सुरू झालेली ती खडखड, वेग घेतला की थोडी एकजीव होणारी, खड्ड्यात पुन्हा सुटी होणारी. अनुभवी प्रवासी तिकिटाची घडी करून किंवा वर्तमानपत्राची सुरळी करून ती काचेच्या आणि चॅनेलच्या फटीत खोचायचा. क्षणभर शांतता. मग गाडी करकचून थांबली की घडी खाली पडायची आणि खडखड परत. मला लहानपणी वाटायचं, एवढी मोठी कार्यशाळा, एवढे कारागीर, आणि यांना एक काच घट्ट बसवता येऊ नये?

बसचा सांगाडा घरासारखा वापरण्यात नगर जिल्ह्यात आमचे अण्णा पहिले नाहीत. नगरच्या उत्तरेला, पिंपळगाव माळवीजवळ, मेहेराझाद आहे. तिथं मेहेरबाबांची निळी बस जपून ठेवली आहे. डिसेंबर १९३८ मध्ये या बसमधून बाबा आपल्या शिष्यांना घेऊन भारतभ्रमणाला निघाले. त्यांत पूर्वेकडच्या आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही स्त्रिया होत्या आणि चाकामागे बसत एलिझाबेथ पॅटरसन ही अमेरिकन बाई. त्या काळच्या रस्त्यांवरून, त्या काळच्या नगर जिल्ह्यात, परदेशी बाई बस हाकते आहे हे दृश्य गावोगावी किती दिवस बोललं गेलं असेल! पुढे बस रस्त्यावरून निवृत्त झाली आणि तिचा सांगाडा मेहेराझादला खोली झाला. १९४९ मध्ये २२ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, चाळीस दिवस, बाबांनी जो मोठा एकांतवास केला तो या निळ्या बसमध्ये. १९२५ पासून त्यांचं मौन होतंच.

भाविकांना त्या जागी जे जाणवतं ते त्यांचं. मी तिथं उभा राहिलो तेव्हा मात्र माझ्या मनात तारखा घोळत होत्या. जून-जुलै. म्हणजे हाच वारा. पत्र्याचा आणि लाकडाचा सांगाडा, आत एक न बोलणारा माणूस, आणि चहूबाजूंनी हा पश्चिमेचा वारा. बंद खोलीतली शांतता निराळी आणि बसमधली निराळी. बसमध्ये बाहेरचं जग सतत काचेवर हात ठेवून असतं.

आता आमच्या खिडकीकडे.

चाचांनी आतली पट्टी काढायला घेतली. पेच गंजून एकजीव झाले होते. रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी दोन निघाले, बाकीचे ड्रिलनं उडवावे लागले. पट्टी सुटल्यावर खालचं चॅनेल उघडं पडलं आणि चाचांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "ही लांबी कुणी भरली?"

मी भरली होती. दोन वर्षांपूर्वी आई गाडीत झोपायला आली होती. तिला खिडकीच्या आवाजानं झोप लागली नाही, म्हणून मी तालुक्याच्या गावाहून लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, डबा आणला आणि चॅनेलच्या तळाशी, काचेच्या दोन्ही अंगांनी, ठासून भरली. वर बोटानं गुळगुळीत केलं. खडखड बंद झाली. आई शांत झोपली. मला त्या कामाचा अभिमान होता.

चाचांनी पेचकसाच्या टोकानं लांबी उकरली तेव्हा खाली दोन भोकं दिसली, पेन्सिलीच्या जाडीची, चॅनेलच्या तळाला मुद्दाम पाडलेली. पाणी जायची वाट ती. बसच्या खिडकीत पाणी शिरतंच, ते अडवता येत नाही. बॉडी बांधणाऱ्याला हे ठाऊक असतं म्हणून तो पाण्याला बाहेरची वाट करून देतो. ती वाट मी बुजवली. दोन पावसाळे पाणी तिथं साचलं. चॅनेल ॲल्युमिनियमचं असलं तरी त्याखालची पट्टी आणि पेच लोखंडाचे. लोखंड गंजलं की तेवढ्याच जागेत राहत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. दगडी पुलाचे चिरे या गंजानं फोडले आहेत, काचेची काय कथा. पट्टी फुगली, तिनं चॅनेल वर उचललं, आणि माझ्या घट्ट लांबीनं काचेला बाजूला सरायला सूतभरही जागा ठेवली नव्हती.

'सूत' हा शब्द इथं जपून वापरतो आहे. कारागिरांच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. काचेच्या कामात सगळं काही त्या एका सुतावर चालतं.

चाचांनी मला ते कंदिलावर समजावलं. अण्णांचा प्रभाकर कंदील खुंटीवरून काढला, काच वर उचलली. तारांच्या पिंजऱ्यात ती नुसती टेकलेली असते; वरून टोपी दाबून धरते पण आवळत नाही, स्प्रिंग थोडी देते. वात पेटली की काच तापते, वाढते, टोपीला वर ढकलते, निवली की पुन्हा खाली बसते. "ही पक्की केली असती तर पहिल्या रात्रीच फुटली असती," चाचा म्हणाले. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगल्यांनी काचेचा कारखाना काढला आणि हा कंदील मराठी घराघरांत गेला. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, अंताजी काळ्यांनी एकेक पैसा वर्गणी गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना निघाला होता. स्वदेशीच्या त्या माणसांनी सुईपासून जहाजापर्यंतच्या यादीतून काच का निवडली असावी, याचं मला फार कुतूहल आहे. वाळू इथली, भट्टी इथली, घाम इथला, आणि वस्तू अशी की तिच्यातून पलीकडचं दिसतं.

हिशेब करून पाहिला. एक मीटर लांबीची काच पन्नास अंशांनी तापली तर जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. तेवढंच ॲल्युमिनियम सव्वा मिलिमीटरच्या जवळपास. आमच्याकडे पौषातल्या पहाटेचा पत्रा आणि वैशाखातल्या दुपारचा पत्रा यांत पन्नास अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे काच आणि तिची चौकट वर्षभर वेगवेगळ्या चालीनं चालत असतात. त्यात रस्त्यावरच्या बसची बॉडी प्रत्येक खड्ड्यात पिळवटते. पत्रा पिळवटून परत येतो. काच पिळवटत नाही, तिला ती विद्या नाही. म्हणून तिला चौकटीपासून थोडं सुटं ठेवावं लागतं. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर असं चाळीस वर्षांनी मिळालं. दापोडीच्या कारागिरांना काच घट्ट बसवता येत होती. त्यांनी ती बसवली नाही.

नवी काच कुठली घ्यायची यावर घरात बराच खल झाला. बाजारात साधी चार मिलिमीटरची काच लगेच मिळते. दुकानदार हिऱ्यानं रेघ ओढतो, खालून हलकं टिचकवतो, काच हातात. पण साधी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात, आणि सुट्टीत पोरं याच खिडकीखाली झोपतात. रस्त्यावरच्या वाहनांना साधी काच चालतच नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम सुरक्षा काचच लावायला सांगतो. आमची गाडी रस्त्यावर जात नाही, पण झोपलेल्या पोराला त्यानं काय फरक पडतो? टफन काच घ्यायचं ठरलं. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम हवेच्या झोतांनी निववतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर, आणि तो ताण कायमचा काचेत कोंडला जातो. त्यानं ती साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत होते आणि फुटलीच तर बोथट दाण्यांचा ढीग होतो. मात्र एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. जो काही आकार द्यायचा तो आधी.

माप मी घेतलं. चाचांनी पुठ्ठ्याचा साचा करायला सांगितला होता. मी टेपनं मापलं, कारण चौकट चौकोनी दिसत होती. काच पंधरा दिवसांनी आली. उजवीकडून खाचेत गेली, डावीकडे अडली. चाळीस-पन्नास वर्षांची बॉडी काटकोनात राहिलेली नसते, आमची एका कोपऱ्यात पाऊण सूत आत आली होती. मी म्हणालो, चॅनेल थोडं ठोकून रुंद करू या. चाचांनी हातोडी उचलून पिशवीत ठेवली. मग कात्री मागितली, कांद्याच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, आणि दुपारभर तो खिडकीत घालत, काढत, पापुद्रा पापुद्रा कापत बसले. चारही बाजूंनी सूतभर फिरेल इतका झाला तेव्हा त्यावर तारीख घातली आणि 'बाहेरची बाजू' असं लिहून माझ्या हातात दिला. काचेचे पैसे दुसऱ्यांदा गेले ते माझ्या टेपमुळे. पहिली काच अण्णांनी गाडीतल्या टेबलावर टाकली आहे. तिच्याखाली विजेची बिलं सरकवून ठेवतात, ती दिसतात आणि उडत नाहीत.

दुसरी काच येईपर्यंत चौकटीचं काम केलं. गंजलेली पट्टी कापून नवी बसवली, तारेच्या ब्रशनं उरलेला गंज काढला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. पेच स्टेनलेसचे आणले. चॅनेल वाकलं होतं ते लाकडाचा गुटका ठेवून हळूहळू सरळ केलं. दोन्ही भोकं मोकळी करून त्यांत तार फिरवून पाहिली. ही सगळी कामं कंटाळवाणी आहेत आणि काच बसवण्यातला नव्वद टक्के वेळ त्यांनाच लागतो.

काच बसवायला अर्धा तास पुरला. चॅनेलच्या तळाला रबराचे दोन छोटे गुटके, दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या पाव अंतरावर. काचेचं सगळं वजन त्या दोन गुटक्यांवर. तिनं धातूला कुठंच टेकायचं नाही. गुटके भोकांवर येणार नाहीत हे चाचांनी दोनदा पाहिलं. बाजूंना मखमली अस्तराची रबरी पट्टी, जिला बॉडीवाले नुसतं 'बीडिंग' म्हणतात. ती घालताना साबणाचं पाणी लावलं, तेल नाही. तेलानं रबर सुजतं आणि वर्षभरात चिकट होतं. पट्टी ताणून लावायची नाही हेही त्यांनी बजावलं. ताणलेलं रबर आज सुरेख दिसतं, उन्हाळ्यात आखडतं आणि कोपरे उघडे टाकतं. थोडं जास्त घालून कोपऱ्यात दाबून बसवायचं. शेवटी आतली पट्टी, पेच हलक्या हातानं, एक इकडचा, एक समोरचा, पुन्हा इकडचा.

मग त्यांनी दोन बोटांनी काच हलवली. ती हलली. किंचित, सुताच्याही आत, आणि एक मऊ 'टक' आवाज आला.

"आवाज करतेय," मी म्हणालो.

"करणार," चाचा म्हणाले. "पण आता पहिल्यासारखी ओरडणार नाही."

मजुरीवर वाद झाला नाही, पण जेवायला थांबण्यावर झाला. काकूंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. चाचा गाडीतच जेवले, ड्रायव्हरची जागा असते त्या बाजूला, पाय पसरून. जेवताना ते उरलेल्या अकरा खिडक्या बघत होते. मीही त्यांच्या नजरेनं बघायला लागलो होतो. मी लांबी भरलेल्या आणखी तीन निघाल्या. त्या चार दिवसांत उकरल्या. एकीच्या तळाशी गंज नुकता फुगायला लागला होता, काच अजून सुटी होती.

परतीचा पाऊस यंदा संध्याकाळी आला. डोंगराकडून आधी मातीचा वास, मग थेंब, मग टपावर एकच कल्लोळ. अण्णा गाडीत होते, मीही धावत आत गेलो. तिसऱ्या खिडकीवरून पाणी पडद्यासारखं उतरत होतं. थोडं आत चॅनेलमध्येही शिरलं. आम्ही दोघं खाली वाकून बघत राहिलो. पाणी गुटक्याला वळसा घालून भोकापाशी गेलं, क्षणभर तिथं फुगलं आणि खाली गेलं. बाहेर, बसच्या पत्र्यावरून, दगडी खांबावर दोन बारीक धारा लागल्या. अण्णांनी कंदील लावला, खुंटीवर टांगला आणि अंगावर घोंगडी ओढून घेतली. वारा वाढला तशी काच टकटक करू लागली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना झोप लागली होती.